गरीब देशांनी पर्यावरणाचा खर्च कुणाच्या खिशातून करायचा?

होटगी_रोड
नमस्कार मंडळी, सरळ प्रश्नच विचारतो. गरीब देशानं आधी कारखाने, रस्ते, वीज, विमानतळ करून घ्यावेत आणि चार पैसे हातात आले की मग नदी-जंगलाकडं बघावं, की पहिल्यापासून दोन्ही सांभाळत सावकाश जावं? माझं मत पहिल्या बाजूचं आहे.

लंडननं थेम्स घाण केली, १८५८ च्या उन्हाळ्यात वासानं पार्लमेंटला बसवेना तेव्हा कुठं मोठी गटारं बांधायला घेतली, आणि तोवर ते जगातलं सगळ्यात श्रीमंत शहर होतं. जपानमध्ये मिनामाटाचा पाऱ्याचा रोग १९५६ ला उघड झाला, कडक कायद्यांचा मोठा गठ्ठा आला १९७० ला. चीनचंही तसंच. मग आपल्यालाच पहिल्या दिवसापासून सगळे नियम का?

सोलापूरचं बघा. बोरामणीच्या विमानतळासाठी साडेपाचशे हेक्टरच्या आसपास जमीन घेऊन ठेवली आणि मधली तीस-पस्तीस हेक्टर वनजमीन माळढोक पक्ष्यासाठी राखीव म्हणून घोडं अडलं ते अडलंच. इकडं होटगी रोडच्या जुन्या धावपट्टीवर विमान उतरावं म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची को-जनची (वीजनिर्मितीची) चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, किती सभासदांच्या पोटात गोळा आला. गोव्याचं विमान चालू व्हायला २०२५ उजाडलं. तोवर आपली शिकलेली पोरं हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेली ती तिकडचीच झाली. एका पक्ष्यासाठी अख्ख्या जिल्ह्यानं किती थांबायचं? मनापासून विचारतोय, भांडणासाठी नाही.

शेंगाचटणी
वाचतोय. नान्नजकरांची वाट बघतोय, ते आले की धागा पेटणार :)

नान्नजकर
आलो वो.

होटगी_रोड, पक्ष्यानं कुणाला थांबवलं नाही, माणसांनी कागदावर थांबवलं. १९७९ ला माळढोक अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचा आकार साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होता. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, तिकडं नगर जिल्ह्यातलं कर्जत, श्रीगोंदा, नेवासा, म्हणजे लोकांची शेतं, वस्त्या, बाजारपेठेची गावं सगळी आत. एवढ्या मोठ्या अभयारण्यात खरं गवताळ माळरान किती, तर तुकड्या-तुकड्यांनी. पण जमीन एनए (बिगरशेती) करायची, गोडाऊन बांधायचं, खाण काढायची, कुठलाही कागद हलवायचा म्हटलं की वनखात्याचं ना-हरकत आणा. वर्षानुवर्षं हे चाललं, शेवटी सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन ते बाराशे-सव्वाबाराशे चौरस किलोमीटरवर आलं.

आता दुसरी बाजू ऐका. आमच्या आजोबांच्या पिढीला माळढोकाचा राग नव्हता. पंधरा किलोपर्यंत वजनाचा पक्षी, ज्वारीच्या नाहीतर करडईच्या रानात फिरतोय, टोळ-किडे खातोय, कुणाचं काही बिघडवत नाही. मादी जमिनीवर बहुतेक एकच अंडं घालते, ते कुत्र्यानं नाहीतर गुरांच्या पायानं गेलं की त्या विणीचं संपलं. लोक वाट वाकडी करून जायचे. राग कधी आला, तर जमीन आमची, बंधनं आमच्यावर, कौतुक पुण्या-मुंबईत आणि भरपाई शून्य. ज्याच्या रानात पक्षी राह्यला त्याला सरकारनं कधी एक रुपया दिला नाही. मग पाणी आलं, द्राक्षं आली, ऊस आला, माळ नांगरला गेला. शेतकऱ्यानं पैसे देणारं पीक निवडलं, त्यात त्याचं काय चुकलं? आणि जो माळ वनखात्याकडं होता त्यात बऱ्याच जागी ग्लिरिसिडिया नाहीतर सुबाभूळ लावून ठेवली. माळढोकाला लांबवर मोकळं दिसावं लागतं, झाडी वाढली की तो तिथं थांबत नाही.

म्हणून माझा प्रश्न तुमच्यापेक्षा वेगळा आहे. आधी काय आणि मग काय हे सोडा, जे राखायचं त्याचे पैसे कोण देणार हे सांगा.

पूर्वभाग_अक्का
नान्नजकर +१. मी सोलापूरच्या पूर्व भागातली, आमच्या घरात तीन पिढ्या मागावर आणि सुताच्या रंगाच्या कामात. "आधी विकास" म्हणणाऱ्यांना एवढंच विचारायचंय की विकास कुणाचा आधी? सूत रंगवायच्या पाण्यात रंग असतो तो डोळ्याला दिसतो, मीठ दिसत नाही. रिअॅक्टिव्ह रंग सुतावर चढायला मीठ ओतावंच लागतं, आणि ते सगळं पाण्याबरोबर बाहेर जातं. आमच्या गल्लीतल्या बोअरचं पाणी गेल्या काही वर्षांत इतकं खारट झालंय की डाळ शिजत नाही. पालिकेचं पाणी चार-पाच दिवसांनी, मग मधल्या दिवशी जार विकत. एका घराचा महिन्याचा जारचा खर्च बघा, ज्या बाईला हजार बिड्या वळल्यावर मजुरी मिळते तिच्या हिशेबात तो केवढा बसतो!

म्हणजे नियम पाळायचा खर्च मालकाचा वाचला पण खर्च गेला कुठं नाही, तो आमच्या स्वयंपाकघरात आला. माझा कामधंद्याला विरोध नाही, माझ्या भावाचं घर त्याच कामावर चालतं. पण "गरीब देशाला परवडत नाही" हे वाक्य म्हणणारा माणूस गरीब नसतो, हे मी खूपदा बघितलंय.

टेरी_टॉवेल
अक्का, तुमचं म्हणणं मान्य, पण मालक म्हणजे सगळे गब्बर असा समज नको. माझे स्वतःचे वीस-पंचवीस माग, रंगवायचं काम बाहेर देतो. छोट्या डाय हाऊसवाल्याचा (सूत रंगवून देणाऱ्याचा) नफा किती असतो मला माहीत आहे. त्यानं सांडपाण्याचं प्रक्रिया केंद्र एकट्यानं टाकायचं म्हटलं तर मशीनपेक्षा ते महाग. वर वीज, केमिकल, माणूस. आणि टाकलं तरी शेजारचा टाकत नाही, मग सूत किलोमागं त्याचं स्वस्त, माझं महाग, ऑर्डर त्याला.

युरोपातला ग्राहक सर्टिफिकेट मागतो, अमुक रंग नको, तमुक केमिकल नको. ठीक आहे, ते देतो. पण भाव वाढवून मागितला की म्हणतो दुसऱ्या देशातनं घेतो. पर्यावरण त्यांना हवंय आणि बिल आमच्या नावावर.

तरी एक खरं सांगतो. नव्वदच्या दशकात जर्मनीनं काही अॅझो रंगांवर बंदी आणली, मागून आपल्या सरकारनंही आणली, तेव्हा बाजारात बोंब होती की आता धंदा बुडाला. नाही बुडाला. रंग बदलले, थोडा खर्च वाढला, सगळ्यांचा एकदमच वाढला म्हणून कुणाचं बिघडलं नाही. नियम सगळ्यांना सारखा आणि एका दिवशी लागू झाला तर आमच्यासारखे लोक पाळतात. अर्धे पाळणार अर्धे नाही, तिथं पाळणारा मरतो.

चिंचोळी_शिफ्ट
टेरी_टॉवेल यांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. या धाग्यावर तिरुपूरचं नाव अजून कुणी कसं काढलं नाही? मी काही वर्षं तिकडं प्रोसेसिंगमध्ये नोकरी केली म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तिरुपूर म्हणजे तमिळनाडूतली बनियन-टीशर्टची राजधानी, नोय्यल नदीच्या काठावर. शेकडो डाईंग युनिटं, सगळं पाणी नदीत. खाली ओरथुपालयम नावाचं धरण शेतीसाठी १९९२ ला बांधून झालं, त्यात पाण्याऐवजी रंगाचं खारट पाणी साठत गेलं. ज्या शेतकऱ्यांसाठी धरण बांधलं तेच कोर्टात गेले की हे पाणी आमच्या रानात सोडू नका. विहिरी गेल्या, नारळ गेले. कोर्टानं मुदती दिल्या, दंड लावले, युनिटवाल्यांनी सांडपाणी साफ करायची सामायिक केंद्रं बांधली पण ती नीट चालेनात. शेवटी जानेवारी २०११ मध्ये मद्रास हायकोर्टानं सांगितलं, एक थेंबही बाहेर जाणार नाही अशी व्यवस्था होईपर्यंत सगळं बंद. सातशेच्या आसपास युनिटं एका फटक्यात बंद! गावात अक्षरशः सुतक. काम सुरत, लुधियानाकडं वळलं, बाहेरून आलेले कामगार गाठोडी बांधून परत गेले.

पुढं काय झालं ते महत्त्वाचं. तमिळनाडू सरकारनं सामायिक केंद्रांना दोनशे कोटींचं बिनव्याजी कर्ज दिलं. पाणी आधी जैविक प्रक्रियेतून काढायचं, मग आरओ, आरओतून उरलेलं दाट खारट पाणी इव्हॅपरेटरमध्ये आटवायचं, शेवटी मीठ हातात. नंतर त्यांनी ते खारट पाणीच साफ करून परत रंगकामाला वापरायची पद्धत बसवली, म्हणजे नवं मीठ विकत घ्यायचं वाचलं. पाणीही परत वापरात. दुष्काळी भागात त्याची किंमत मी सोलापूरकरांना सांगायला नको. आज तिरुपूरची निर्यात २०११ पेक्षा कितीतरी मोठी आहे.

पण गोड गोष्ट म्हणून वाचू नका. छोटी कितीतरी युनिटं कायमची गेली. आटवायला वीज आणि लाकूड प्रचंड लागतं. आणि प्रक्रिया करून झाल्यावर जो गाळ आणि मिसळलेलं मीठ उरतं त्याचं काय करायचं, हे दुखणं तिथं मी होतो तोवर तरी पूर्ण सुटलं नव्हतं.

होटगी_रोड
चिंचोळी_शिफ्ट, फारच भारी माहिती. पण बघा, तिरुपूरनं आधी धंदा मोठा केला, मग स्वच्छ केलं. म्हणजे माझ्याच म्हणण्याला पुरावा झाला की.

चिंचोळी_शिफ्ट
तसं नाही साहेब. १९९८ लाच सामायिक केंद्रं नीट चालवली असती तर मधल्या वर्षांतली जमीन वाचली असती. मीठ मुरलेली जमीन कर्ज काढून परत आणता येत नाही. थेम्समध्ये मासे परत आले, पण मिनामाटातली माणसं परत आली का? काही नुकसान नंतर पैसे टाकून भरतं, काही भरत नाही. आधी-नंतरचा वाद घालताना ही दोन खाती वेगळी ठेवा.

भीमाकाठ
मी पंढरपूर तालुक्यातला. तुम्ही सगळे श्रीमंत देश-गरीब देश म्हणताय, मला ते सगळं भीमेतच दिसतं. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून, पवनेतून, इंद्रायणीतून भीमेत आणि सगळं येऊन उजनीत. धरण ११७ टीएमसीचं, त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळातलं, एरवी न वापरायचं पाणी. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मायनस पन्नास टक्क्यांच्या खाली गेली, म्हणजे मृतसाठाही उपसायची वेळ आली, तेव्हा तळातलं हिरवं पाणी उपसून सोलापूरला दिलं. आषाढीला लाखो वारकरी ज्या चंद्रभागेत हात जोडून उतरतात त्या पाण्याचा वरचा मालक पुणे आहे. पुणे म्हणजे आपली अमेरिका बघा. वर बसून धूर सोडायचा, पैसा कमवायचा, आणि खालच्यानं प्रक्रिया करून पाणी प्यायचं. पुण्याला तर परवडत नाही असं कोणी म्हणू शकत नाही ना? मग "श्रीमंत झालं की आपोआप स्वच्छ करतात" हा सिद्धांत पुण्याला का लागू पडेना?

मूळ_सोलापूर_सध्या_कोथरूड
भीमाकाठ, पुणेकर म्हणून बोलणी खातो, खायलाच हवीत. मुळा-मुठेचा जपानच्या कर्जातला प्रकल्प २०१६ ला मंजूर झाला. जवळजवळ हजार कोटींचा, नवी सांडपाणी केंद्रं बांधायची. काम सुरू व्हायलाच किती वर्षं गेली. त्यात पुण्यातल्या मतदाराला त्रास काय? वास पुलावरनं जाताना येतो तेवढा. पुढचं उजनीत. ज्याला त्रास होतो त्याचं मत पुण्यात नाही, आणि ज्याचं मत पुण्यात आहे त्याला त्रास नाही. पैसा आल्यावर नदी साफ होते असं नाही, ज्याचं नाक जवळ आहे त्याच्याकडं ताकद असली तर साफ होते. लंडनचा वास पार्लमेंटच्या खिडकीतच आला होता, म्हणून काम झालं.

शेंगाचटणी
अवांतर: उजनी मायनस असो की प्लस, आमच्या सोसायटीत नळ कधी येणार हे फक्त खालच्या मजल्यावरच्या काकूंना माहीत असतं. त्यांना जलसंपदा मंत्री करा. आणि नान्नजकर, हुरड्याला बोलवणार होता त्याचं काय झालं?

नान्नजकर
या की, थंडी पडू द्या. ज्वारी आहे अजून आमच्याकडं, सगळा ऊस नाही केला :)

अकलूज_ऊसवाला
ऊस आला का मध्ये, मग आता मी बोलतो. दर वेळेला पाण्याचा विषय निघाला की उसावर येतात. सोलापूर जिल्ह्यात राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने आहेत, खरंय. ऊस पाणी पितो, खरंय. पण उसाला एफआरपी आहे, कायद्यानं भाव ठरलेला, चौदा दिवसांत पैसे द्यायचे असा नियम. उशीर होतो, आंदोलनं होतात, पण शेवटी मिळतात. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पाणी नाममात्र लागतं, कडबा मिळतो, खायला पौष्टिक. हमीभावही जाहीर होतो दरवर्षी. पण खरेदी केंद्रावर जाऊन बघा किती घेतात. बाजारात व्यापारी म्हणेल तो भाव. गारपीट झाली तर गेलं. शेतकऱ्याला पाणी वाचवायला भाषण नको, ज्वारीच्या पोत्याला उसासारखी खात्री द्या. पाच वर्षांत बघा अर्धा ऊस जातो का नाही.

पूर्वभाग_अक्का
ऊसवाले दादा, हे मात्र पटलं. मला तर रेशनवर ज्वारी मिळाली तर हवीच आहे.

अभ्यासिका
धागा सुंदर चाललाय. जगाच्या पातळीवरचं थोडं.

हाच वाद १९७२ ला स्टॉकहोमच्या परिषदेत झाला होता. तिथं इंदिरा गांधींनी गरिबी आणि गरज हेच मोठं प्रदूषण नाही का, अशा अर्थाचं भाषण केलं, ते आजही सांगितलं जातं. पुढं १९९२ ला रिओत तत्त्व ठरलं की जबाबदारी सगळ्यांची पण सारखी नाही, ज्यानं जास्त धूर सोडला त्यानं जास्त उचलायचं. २००९ ला कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी कबूल केलं की २०२० पर्यंत गरीब देशांना दरवर्षी शंभर अब्ज डॉलर देऊ. ते पुरे झाले दोन वर्षं उशिरा, आणि त्यातला मोठा भाग कर्ज म्हणून. २०२४ ला बाकूच्या हवामान परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला तीनशे अब्जाचं ठरलं, भारतानं तिथल्या तिथं नाराजी नोंदवली. अमेरिकेतला एक माणूस वर्षाला चौदा टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, भारतातला दोन टनांच्या आसपास. टेरी_टॉवेल म्हणतात "बिल आमच्या नावावर", ती तक्रार देशांचीही आहे.

एक उदाहरण फार लागलं मला. इक्वाडोरमध्ये यासुनी नावाचं जंगल आहे, खाली तेल. २००७ ला त्यांच्या अध्यक्षांनी जगाला सांगितलं की तेल जमिनीतच ठेवतो, आमच्या बुडालेल्या उत्पन्नाच्या निम्मे म्हणजे ३.६ अब्ज डॉलर तुम्ही द्या. किती जमा झाले? सव्वा-दीड कोटी डॉलरच्या आसपास. २०१३ ला योजना गुंडाळली, पुढं २०१६ ला तेल काढायला सुरुवात झाली. आणि २०२३ ला तिथल्या साध्या लोकांनीच सार्वमतात मत दिलं, ५९ टक्क्यांच्या आसपास, की तेल काढणं थांबवा. श्रीमंत जगानं दिले नाहीत ते पैसे गरीब देशाच्या मतदारांनी स्वतःच्या खिशातून सोडले.

मोहोळ_जंक्शन
परिषदा-बिरिषदा ठीक आहेत पण सगळं अमेरिकेवर ढकलून आपण मोकळं होतो याचा मला संताप येतो. दोन टन ही सरासरी आहे. त्या दोन टनांत बंगल्यात चार एसी लावणारा पण आहे आणि चुलीवर भाकरी करणारी पण. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं घरातल्या धुरानं जगात २०२० या एका वर्षात बत्तीस लाख लोक मेले, त्यातल्या बहुतेकांच्या घरात चूल आहे, कारखाना नाही. या बाईला गॅस मिळाला, तो परवडला, तर विकासही झाला आणि पर्यावरणही सांभाळलं गेलं. तिथं आधी-नंतर काही नाहीच. अशी कामं आधी करा, वाद घालायला बोरामणी आहेच.

आणि उलटं टोकही नको. श्रीलंकेनं मे २०२१ मध्ये एका आदेशात रासायनिक खत आयात बंद केलं, सगळा देश सेंद्रिय करायचा म्हणून. भात कोसळला, चहा कोसळला, नोव्हेंबरात बंदी उठवायला लागली. शेतकऱ्याला ना वेळ दिला, ना पर्यायी खत, ना पैसे.

तांबडी_माती
राजस्थानचं सांगते, माळढोकाचा विषय आहे म्हणून. आता उरलेले माळढोक बहुतेक जैसलमेरकडं, सगळे मिळून दीडशेच्याही आत. आणि नेमका तिथंच देशाचा एक मोठा सोलर-पवनचक्कीचा पट्टा. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, डोळे बाजूला, जड शरीर, विजेची तार चुकवता येत नाही. २०२१ ला सुप्रीम कोर्टानं मोठ्या भागातल्या तारा जमिनीखालून न्या म्हणून सांगितलं. कंपन्या आणि सरकार म्हणालं, उच्च दाबाची लाईन एवढ्या लांब जमिनीखालून न्यायचा खर्च झेपणार नाही, आणि कोळसा कमी करायचा तर सौरऊर्जा हवीच. मार्च २०२४ मध्ये कोर्टानं तो आदेश बदलला, तज्ज्ञ समिती नेमली, आणि त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकांचा हक्क मानला. म्हणजे इथं पर्यावरण विरुद्ध विकास नाहीच, पर्यावरण विरुद्ध पर्यावरण आहे. तिकडं सरकारनं अंडी उबवून पिल्लं वाढवायची केंद्रं काढलीत, पिल्लं जगतायत, पण त्यांना सोडायला मोकळा माळ लागणार.

सरकारी कागदावर माळरान म्हणजे "पडीक". आपल्याकडंही सोलर पार्क आलं की पहिली नजर माळावर. तिथं लांडगा आहे, काळवीट आहे, धनगरांची मेंढरं चरतात. पडीक कसं काय?

नान्नजकर
तांबडी_माती, तुम्ही माझ्या मनातलं लिहिलंत. धनगरांचं तर कुणी नावच घेत नव्हतं इथं. ज्या माळावर मेंढरं ठरल्या वेळी चरून पुढं जातात तिथलं गवत टिकतं, हे आमच्याकडचे म्हातारे अजून सांगतात.

अभ्यासिका
नान्नजकर, पैसे कोण देणार या तुमच्या प्रश्नाला कोस्टारिकाचं उत्तर सांगते. छोटा देश, पन्नास लाखांच्या आसपास लोक. गुरांच्या कुरणांसाठी जंगल तोडत तोडत १९८० च्या दशकात ते देशाच्या पाव भागाच्याही खाली आलं होतं. १९९६ ला कायदा केला, जो शेतकरी स्वतःच्या जमिनीवरचं जंगल राखेल त्याला हेक्टरी ठरलेले पैसे, करार करून. पैसे कुठून, तर पेट्रोल-डिझेलवरच्या करातला ठराविक हिस्सा. गाडीवाला भरतो, जंगल राखणारा घेतो. आज निम्म्याहून जास्त देश जंगलाखाली आहे. गुरांचा धंदा पडला, पर्यटन वाढलं, त्याचाही हात आहे, सगळं श्रेय योजनेला देता येणार नाही. पण जमिनीच्या मालकाला शत्रू न मानता पगार दिला, हे महत्त्वाचं.

होटगी_रोड
एवढं सगळं वाचून माझं म्हणणं नीट मांडतो. विमानतळ हवंच, यावर मी ठाम आहे. सोलापूरला रोजगार आला नाही तर इथं माळरान राखायला तरी कोण राहणार? पण नान्नजकर आणि अभ्यासिका यांचं धरून असं म्हणतो की बोरामणीची ती वनजमीन घ्यायचीच असेल तर तिच्या मोबदल्यात भलत्याच जिल्ह्यात झाडं लावून काम झालं म्हणू नका. वनजमीन वळवली की पैसे भरावे लागतात आणि त्यातून वृक्षारोपण होतं, ही पद्धत माळाला उपयोगाची नाही. ते पैसे नान्नज, मार्डी, वडाळा या भागात जे शेतकरी माळ नांगरायचा नाही म्हणतील त्यांना एकरी, दरवर्षी, खात्यावर द्या. तिकिटावर थोडा अधिभार लावला तरी चालेल, मी पहिला भरीन.

नान्नजकर
एकरी किती ते बोला, मग गावात विषय काढतो. ज्वारीच्या उत्पन्नाएवढे दिले तरी निम्मं गाव तयार होईल, द्राक्षवाले होणार नाहीत. आणि करार वनखात्याच्या साहेबाच्या मर्जीवर नको, ग्रामसभेच्या ठरावावर हवा. एकदा जमीन गेली तर पुन्हा साडेआठ हजारचा घोळ होईल ही भीती प्रत्येकाच्या मनात आहे, ती आधी काढावी लागेल. दहा वर्षांनी शेतकऱ्याला बाहेर पडायची मोकळीक लिहून द्या.

मोहोळ_जंक्शन
दहा वर्षांनी बाहेर पडून ऊस लावला तर दहा वर्षांचे पैसे वाया की.

नान्नजकर
दहा वर्षं पैसे वेळेवर आले तर कशाला लावतोय तो ऊस. नाही आले तर मात्र लावणारच.

टेरी_टॉवेल
रंगाच्या पाण्याचंही असंच करा राव. तिरुपूरसारखं बिनव्याजी कर्ज, सामायिक केंद्र, पाच वर्षांची मुदत, आणि मुदत संपली की सगळ्यांना एकाच दिवशी नियम लागू, कुणाला मागच्या दारानं सवलत नाही. एवढं लिहून दिलं तर माझ्या ओळखीचे डाय हाऊसवाले सह्या करतील. सूत किलोमागं महाग झालं तरी चालेल, टॉवेल थोडा महाग विकू, पण शेजाऱ्यासारखाच महाग.

पूर्वभाग_अक्का
टॉवेलवाले दादा, तिरुपूरला युनिटं बंद पडली तेव्हा कामगार गाठोडी बांधून गेले असं वर लिहिलंय ना, ते मी दोनदा वाचलं. पूर्व भागातला माणूस कुठं जाणार? आमचं गाव हेच. तुमच्या कागदावर कर्ज आहे, मुदत आहे, नियम आहे. काम थांबलं तर त्या काळातली मजुरी कुणी द्यायची, ते कुठं लिहिलंय?

टेरी_टॉवेल
नाही लिहिलं, लिहायला हवं. अर्धी मालक, अर्धी त्या कर्जातूनच. म्हणजे केंद्राच्या खर्चात सुरुवातीलाच मजुरीची रक्कम धरायची, नंतर मागायला जायचं नाही. माझ्याकडच्या माणसांपुरतं मी आजच कबूल करतो. बाकीच्यांना तयार करायला तुम्ही पण या, पुढच्या रविवारी अक्कलकोट रोडला आम्ही काही जण बसणारच आहोत.

पूर्वभाग_अक्का
येते. भावाला आणि युनियनच्या दोघींना घेऊन येते. चिंचोळी_शिफ्ट, तुम्ही पण या, मिठाचं काय करायचं ते तुम्हालाच समजावून सांगावं लागेल.

चिंचोळी_शिफ्ट
सेकंड शिफ्ट आहे, सकाळी अकराच्या आत ठेवा. गाळाचा आणि इव्हॅपरेटरच्या विजेचा हिशेब मांडून आणतो, कारण सगळं अडणार आहे ते तिथंच.